पाहिल्याशिवाय सही नको

परीक्षेच्या आधीचे आठ-दहा दिवस मेडिकल कॉलेजच्या विभागांत लॉगबुकांचे, म्हणजे विद्यार्थ्यांनी केलेल्या कामांच्या नोंदवह्यांचे, गठ्ठे येऊन पडतात. त्यातलं एखादं उघडून शिक्षकाच्या सह्यांच्या रकान्यावरून नुसतं बोट फिरवलं तरी सगळं कळतं. चाळीस नोंदी, तारखा वर्षभर विखुरलेल्या, आणि सह्या मात्र एकाच शाईच्या, एका दमात मारलेल्या. प्रत्येक नोंदीपुढे 'एम', म्हणजे अपेक्षेइतकं जमलं. 'बी', म्हणजे अजून कमी पडतं, हे अक्षर अख्ख्या वहीत एकदाही नाही. अभिप्राय मिळाल्याची विद्यार्थ्याची सही शेवटच्या रकान्यात असते, तीही त्याच दिवसाची.

ही सही म्हणजे साक्ष आहे. या मुलीला बाईचा रक्तदाब नीट मोजता येतो, या मुलाला सुई लावता येते, असं आपण समाजाला लिहून देतो. ज्याने पाहिलंच नाही त्याने साक्ष द्यायची नसते, एवढी साधी गोष्ट आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार इथून बाहेर पडणाऱ्या इंटर्नपैकी कितीतरी जण पुढे धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा या भागांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एकटे बसणार आहेत. तिथे त्यांच्या मागे उभं राहून 'थांब, रक्तदाबाचा कफ चुकीचा बांधलास' असं सांगणारं कुणी नसतं.

अमेरिकेतले वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला. माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि कुणी बघत नसतानाही रोज तसंच करतो. आपल्याकडे २०१९ पासून लागू झालेल्या सक्षमताधारित अभ्यासक्रमात प्रत्येक सक्षमतेपुढे के, केएच, एसएच, पी अशी अक्षरं आहेत, ती याच पायऱ्यांवरून आलेली. थिअरीचा पेपर पहिल्या पायरीचा, फार तर दुसरीचा. व्हायवा दुसरीची. ज्या सक्षमतेपुढे एसएच (करून दाखवतो) किंवा पी (प्रत्यक्ष करतो) आहे ती व्हायवात विचारून 'झाली' म्हणणं म्हणजे पोहायला येतं का हे काठावर बसून विचारण्यासारखं आहे. तरी आपण ते वर्षानुवर्षं करत आलो.

लाँग केसचंच बघा. विद्यार्थ्याला पेशंट देतात, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं देतात, आणि परीक्षक दुसऱ्या टोकाला दुसऱ्याची केस ऐकत बसतात. मग तो येऊन केस सांगतो. परीक्षक ऐकतो ते त्याचं सांगणं. हिस्ट्री, म्हणजे आजाराची हकिगत, घेताना त्याने आजीला बोलू दिलं का, पोटाला हात लावण्याआधी स्वतःचे हात धुतले का, तपासताना आजीच्या तोंडाकडे बघितलं का, प्लीहा खरोखर हाताला लागली की रेसिडेंटने सकाळीच कानात सांगितली होती, यातलं काहीच दिसत नाही. परीक्षेसाठी 'ठेवणीतले' पेशंट बोलावले की तेच पेशंट स्वतःची केस विद्यार्थ्यापेक्षा सफाईने सांगतात. शिवाय एका केसवर चांगलं जमलं म्हणून दुसऱ्या केसवर जमेल, असं होत नाही. छातीचा पेशंट उत्तम सांगणारा मुलगा चक्कर आलेल्या म्हाताऱ्यासमोर गोंधळतो. वैद्यकीय मूल्यमापनातली ही सगळ्यात पक्की ठरलेली गोष्ट आहे. म्हणून एकाच पेशंटवर तीन परीक्षक बसवण्यापेक्षा वेगवेगळ्या दहा पेशंटांवर एकेक परीक्षक बसवलेला बरा.

मग वेळ कुठून आणायचा? हा प्रश्न खरा आहे, आणि तो 'ओपीडीला दोनशे पेशंट, वर तीस विद्यार्थी' अशा शब्दांत नेहमी येतो. त्याचं उत्तर लहान तुकड्यांत आहे. मिनी-सीईएक्स ही पद्धत जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडली. त्यात शिक्षक खऱ्या पेशंटपाशी विद्यार्थ्याला पंधरा-वीस मिनिटं काम करताना बघतो आणि मग पाचेक मिनिटं बोलतो. हिस्ट्री, शारीरिक तपासणी, वागणूक, निर्णयक्षमता, समजावून सांगणं, कामाची मांडणी आणि एकूण, असे सात भाग आणि १ ते ९ गुणांची पट्टी. १ ते ३ असमाधानकारक, ४ ते ६ समाधानकारक, ७ ते ९ उत्तम. एका भेटीत सातही भाग भरायची गरज नाही. आज फक्त पहिली तीन मिनिटांची हिस्ट्री बघायची, पुढच्या वेळी फक्त पोटाची तपासणी. युनिटमधल्या प्रत्येक शिक्षकाने ओपीडीच्या दिवशी दोनच विद्यार्थी असे बघितले तरी पोस्टिंग, म्हणजे विद्यार्थ्याची त्या विभागातली पाळी, संपेपर्यंत बऱ्यापैकी चित्र उभं राहतं. एकट्या विद्यार्थ्याबद्दल भरवशाने बोलायचं तर अशा दहा-बारा भेटी लागतात, त्याही वेगवेगळ्या शिक्षकांनी पाहिलेल्या. फारच चांगला आणि फारच कच्चा विद्यार्थी चार भेटींतही ओळखू येतो. अडचण मधल्यांची असते.

काय बघायचं, हे एका साध्या कामावरून सांगतो. गरोदर बाईचा रक्तदाब मोजणं. प्रत्येक विद्यार्थ्याला वाटतं आपल्याला येतं, आणि प्रत्येक शिक्षकाला वाटतं यात काय बघायचं.

बाई तालुक्यावरून एसटीने आलेली, स्टँडपासून उन्हात चालत आलेली. ती येऊन बसते न बसते तोच कफ, म्हणजे दंडाला बांधायचा हवेचा पट्टा, बांधला, तर पहिली चूक झाली. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला टेकलेले. मूत्राशय भरलेलं असलं तर आधी जाऊन येऊ द्यायचं. दंड उघडा हवा. साडीचा ब्लाउज दंडावर गुंडाळून वर केला की तोच आवळपट्टी होतो. कफमधल्या फुग्याने दंडाच्या घेराचा निदान ८० टक्के भाग वेढायला हवा. सडपातळ बाईला मोठा कफ बांधला तर आकडा कमी येतो, जाड दंडाला लहान कफ बांधला तर जास्त येतो. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. हात हृदयाच्या पातळीला, टेबलावर टेकलेला. मग नाडीवर बोट ठेवून फुगवायचं, नाडी जिथे बुजते तो आकडा लक्षात ठेवायचा, हवा सोडायची, आणि पुन्हा त्या आकड्याच्या ३० वर फुगवून स्टेथोस्कोप लावायचा. हवा सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या गतीने सोडायची. दोनदा मोजायचं, आणि मोजताना बाईशी गप्पा नकोत.

प्रत्यक्षात काय होतं? नाडीवर बोट ठेवण्याची पायरी जवळजवळ सगळे गाळतात. हवा भसकन सोडतात. आकडे १२०, ८०, ११०, ७० असे शून्यावर संपणारे येतात, कारण आधी ठरलेला आकडा कानाला ऐकू येतो. बाहेरून बघणाऱ्याला यातली प्रत्येक चूक दिसते. लॉगबुकात फक्त 'रक्तदाब मोजला, १० वेळा' एवढंच दिसतं. १४०/९० च्या आसपासच्या बाईचा आकडा याच चुकांनी खाली आला, तर झटक्यांचा धोका असलेली बाई 'सगळं ठीक' म्हणून घरी जाते.

आता भाषा. खान्देशात ही गोष्ट मूल्यमापनाबाहेर ठेवता येत नाही. विद्यार्थी मुंबई, पुणे, लातूर, नागपूर कुठूनही आलेला असतो. समोरची बाई म्हणते, "मन्हा पोटमा दुखस, जेवण जास नही." हे त्याला कळतं. पण "कधीपासून?" असं विचारल्यावर ती म्हणते, "आखाजीपासीन." इथे अर्धे विद्यार्थी अडखळतात आणि कागदावर 'बरेच दिवस' लिहितात. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाखातली. आज आषाढ सुरू असेल तर दोन महिने झाले. पोळा, कानबाई, पावरा आदिवासींचा होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, कापूस वेचणी, ही इथली तारखांची भाषा आहे. कालावधी काढता येणं ही हिस्ट्रीतली मूलभूत सक्षमता. कालावधी चुकला तर पंधरा दिवसांचा ताप आणि दोन महिन्यांचा ताप एकाच यादीत जाऊन बसतात. म्हणून ऑस्कीच्या, म्हणजे स्टेशनास्टेशनांवर फिरून द्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या, एका तरी स्टेशनवर पेशंटने तारीख सणाने सांगावी आणि विद्यार्थी तिचे आठवडे करतो का, हे बघावं.

पावरी किंवा भिली बोलणारा पेशंट असेल तर मधे दुभाषा येतो. तो बहुधा नातेवाईक, आशाताई किंवा वॉर्डातली मावशी. दुभाष्यामार्फत बोलणं हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याचीही तपासणी होते. विद्यार्थी नजर पेशंटकडे ठेवतो का? एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारतो का? नवरा बायकोच्या वतीने उत्तर देऊ लागला तर तिच्याकडे वळतो का? पाळीबद्दल, गर्भपाताबद्दल विचारायचं तर नवऱ्याला बाहेर थांबवून बाईमाणूस मधे घेतो का? या भाषांत पेशंट डॉक्टरलाही अनेकदा 'तू' म्हणतो. त्यात अनादर नसतो, आणि विद्यार्थ्याच्या कपाळावर आठी आली की ती पेशंटला दिसते. भगताकडे जाऊन आलात का, पोटावर डाम (तापलेल्या लोखंडाचा चटका) दिलाय का, हे विचारायलाच हवं. पण ज्या सुरात 'जेवण जातं का' विचारतो त्याच सुरात. सूर बदलला की बाई 'नाही' म्हणते आणि डाम साडीखाली तसाच राहतो.

यासाठी उभा केलेला पेशंट लागतो, म्हणजे भूमिका शिकवलेला माणूस. निवृत्त सिस्टर, अंगणवाडीताई, कॉलेजचा कर्मचारी, कुणीही चालतं, बोली मात्र त्याची स्वतःची हवी. पुण्याच्या माणसाने अहिराणीची नक्कल केली तर स्टेशन फसतं. एका पानाचं टिपण द्यायचं: पहिलं वाक्य काय बोलायचं, न विचारता काय सांगायचं, विचारलं तरच काय सांगायचं, आणि कधी गप्प व्हायचं. दोन तास तालीम पुरते. दुपारनंतर भूमिका करणारा थकतो आणि न विचारता सगळं सांगून टाकतो, त्यामुळे शेवटच्या तुकडीला फुकट गुण जातात. म्हणून एका भूमिकेला दोन माणसं तयार ठेवायची.

ऑस्की म्हणजे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत मांडलेली पद्धत. विद्यार्थी ठरावीक वेळाने एकेका स्टेशनवर फिरतो आणि सगळ्यांना तेच काम मिळतं. तिचा हिशेब आधी कागदावर करावा. १०० जागांचं कॉलेज धरलं, १० स्टेशनं, प्रत्येकी ७ मिनिटं आणि बदलायला १ मिनिट. दहा जणांची तुकडी ८० मिनिटांत बाहेर पडते. दहा तुकड्यांना ८०० मिनिटं. शेजारी शेजारी दोन फेऱ्या लावल्या तर ४०० मिनिटं, दोन दिवसांत वाटली तर रोज सव्वातीन-साडेतीन तास. दहापैकी तीन स्टेशनं एक्स-रे, ईसीजी, रिपोर्ट अशी न बघता तपासण्याजोगी ठेवली तर एका फेरीला सात आणि दोन्ही मिळून चौदा परीक्षक लागतात. एका विभागाला हे जमत नाही, दोन-तीन विभागांनी एकत्र केलं तर जमतं. चार स्टेशनांची ऑस्की करून पास-नापास ठरवणं मला मान्य नाही. एवढ्या थोड्या नमुन्यावर निकाल नशिबावर जातो.

स्टेशनला पाच मिनिटं ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. कफ बांधायला ती पुरतात, समजावून सांगायला पुरत नाहीत. पाच मिनिटांत विद्यार्थी घाईने सगळे मुद्दे ओकतो, आणि चेकलिस्टवर त्याला पूर्ण गुण मिळतात. चेकलिस्टचा हा मोठा दोष आहे. ती 'विचारलं का' एवढंच मोजते, 'ऐकलं का' हे मोजत नाही. कसलेला डॉक्टर तीन नेमके प्रश्न विचारून पुढे जातो आणि चेकलिस्टवर कमी गुण घेतो, नवखा तीसच्या तीस प्रश्न विचारून पैकीच्या पैकी घेतो. सुई लावणं, रक्तदाब, टाका घालणं अशा पायऱ्यांच्या कामाला चेकलिस्ट चांगली. संवाद आणि निर्णयाला एकूण कामावरून गुण देणारी ढोबळ पट्टी चांगली, पण पट्टीवरच्या प्रत्येक आकड्यापुढे तो आकडा कशाला द्यायचा हे एका ओळीत लिहिलेलं हवं.

इथल्या कॉलेजात एक स्टेशन मी हट्टाने ठेवीन, ते सर्पदंशाचं. पावसाळ्यात शेतातून पेशंट येतात आणि लहान केंद्रावर हाताशी असते ती एकच सोपी चाचणी, वीस मिनिटांची रक्त गोठण्याची. नवी, स्वच्छ, कोरडी काचेची नळी. त्यात शिरेतून ताजं काढलेलं २ मिलिलिटर रक्त. नळी न हलवता २० मिनिटं उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर गोठलं नाही, म्हणजे विषाने रक्त बिघडवलंय, प्रतिविष सुरू करायचं. गोठलं असेल तरी ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा करायची. चुका ठरलेल्या असतात. प्लॅस्टिकच्या नळीत रक्त घेणं. साबणाने धुतलेली नळी वापरणं. 'गोठतंय का बघू' म्हणून दहाव्या मिनिटाला हलवणं. यातल्या कुठल्याही कारणाने रक्त गोठत नाही, आणि गरज नसलेल्या माणसाला प्रतिविषाच्या दहा बाटल्या चढतात.

स्टेशनचा कस मात्र पुढच्या प्रश्नात आहे. ट्रेमध्ये गोठलेल्या रक्ताची नळी ठेवायची आणि कागदावर लिहायचं: 'रात्री जमिनीवर झोपलेला १४ वर्षांचा मुलगा, पहाटे पोटात दुखून उठला, दंशाची खूण सापडत नाही.' जो विद्यार्थी 'रक्त गोठलं, घरी पाठवा' म्हणतो त्याला या स्टेशनवर नापास करावं, चेकलिस्टवर त्याचे कितीही गुण झाले तरी. मण्यारीचं विष नसांवर जातं, रक्त व्यवस्थित गोठतं. त्याने मुलाच्या पापण्या बघायला हव्यात, मान उचलता येते का बघायला हवं, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते बघायला हवं, आणि तासातासाने पुन्हा बघायला हवं. अशा चुकीला 'घातक चूक' म्हणून आधीच कागदावर लिहून ठेवायचं. निकालाच्या दिवशी ठरवायला बसलं तर वाद होतात.

फवारणीच्या विषबाधेचं तसंच. कापसाच्या पट्ट्यात ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकांचे पेशंट येतात, आणि इंटर्न त्यावरचं औषध अ‍ॅट्रोपिन देताना कुठे थांबतो हे बघण्यासारखं असतं. पुस्तक पाठ असलेला मुलगा डोळ्याची बाहुली मोठी झाली की थांबतो. बघायची ती छाती. घरघर गेली का, काख कोरडी झाली का, नाडी ८० च्या वर आहे का, रक्तदाब टिकतोय का. हे पुतळ्यावर तपासता येत नाही. कॅज्युअल्टीत त्याच्या शेजारी दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं.

सातपुड्यातल्या वस्त्यांमुळे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं समुपदेशन हे इथल्या डॉक्टरचं रोजचं काम आहे. तिथे चूक शब्दांत होते. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे वाहक की रुग्ण हे ठरत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पक्की चाचणी लागते. तरी विद्यार्थी वाहक बाईला 'तुम्हाला सिकलसेल आहे' असं सांगून मोकळा होतो, आणि ठणठणीत बाई आजारी होऊन घरी जाते. दुसरी चूक जास्त खोल आहे. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोष नसण्याची २५ टक्के. विद्यार्थी सोपं करून सांगतो, 'चारपैकी एका मुलाला होईल.' आईबापांचं एक मूल आधीच रुग्ण असतं. ते हिशेब करतात की झालं, आता पुढची तीन चांगली. वाक्य पाठ्यपुस्तकातलंच, पण घरात पोचेपर्यंत अर्थ उलटा झाला. म्हणून या स्टेशनवर गुण शेवटच्या प्रश्नाला ठेवायचे. विद्यार्थी विचारतो का, 'ताई, घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल?' आणि तिचं उत्तर चुकलं तर पुन्हा, दुसऱ्या पद्धतीने सांगतो का.

पास किती गुणांना? सगळीकडे ५० टक्के ही ओढलेली रेघ आहे, तिला फारसा अर्थ नाही. सोप्या स्टेशनवर ५० टक्के म्हणजे धोकादायक डॉक्टर आणि अवघड स्टेशनवर ५० टक्के म्हणजे चांगला डॉक्टर असू शकतो. अंतर्गत परीक्षेत तरी एक पद्धत वापरता येते. परीक्षक चेकलिस्टचे गुण देतो आणि त्याशिवाय एक स्वतंत्र खूण करतो: नापास, सीमेवर, पास, उत्तम. ज्यांना 'सीमेवर' खूण मिळाली त्यांच्या चेकलिस्ट गुणांची सरासरी म्हणजे त्या स्टेशनची पासाची रेघ. २० गुणांच्या स्टेशनवर १२ जण सीमेवर असतील आणि त्यांच्या गुणांची बेरीज १३८ येत असेल, तर रेघ ११.५. कॅल्क्युलेटरवर होणारं काम आहे. सीमेवर फक्त दोन-तीनच जण असतील तर ही सरासरी डळमळीत असते, तिथे वापरू नये.

परीक्षकांचंही बघावं लागतं. एक सर सगळ्यांना सात देतात, दुसरे सगळ्यांना चार. हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलीने नळी हलवली तरी तिला गुण मिळतात, कारण परीक्षकाच्या मनात तिचा पेपर असतो. परीक्षेआधी अर्धा तास एकत्र बसून एकाच विद्यार्थ्याचा व्हिडिओ सगळ्यांनी तपासावा आणि गुण फळ्यावर लिहावेत. फरक दिसला की माणसं आपोआप जवळ येतात. फार चर्चा लागत नाही.

वागणुकीकडे येतो, कारण इथे आपण सगळ्यात जास्त डोळेझाक करतो. अ‍ॅटकॉमचे, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाचे, २७ मोड्यूल आहेत, त्यांवर निबंध लिहून घेतले जातात, आणि निबंध सगळ्यांचे सुंदर असतात. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २००५ साली आलेला पापडाकिस यांचा अभ्यास प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. अमेरिकेत वैद्यकीय मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केलेल्या २३५ डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेतल्या फायली काढल्या आणि त्यांच्या बरोबरीच्या ४६९ डॉक्टरांशी ताडून बघितल्या. कारवाई झालेल्यांच्या फायलीत गैरवर्तनाच्या नोंदी असण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. सगळ्यात ठळक खूण होती बेजबाबदारपणा: न येणं, सांगितलेलं काम न करणं. चूक दाखवल्यावर न सुधारणं ही दुसरी ठळक खूण. हे निबंधात दिसत नाही, वॉर्डात दिसतं. आणि वॉर्डात ते सगळ्यात आधी सिस्टरांना दिसतं.

म्हणून सिस्टर, मावशी, लॅबवाले भाऊ यांना विचारण्याची सोय हवी. दर पोस्टिंगला प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल तीनच प्रश्न: वेळेवर येतो का, दिलेलं काम पुरं करतो का, पेशंटशी आणि तुमच्याशी नीट बोलतो का. उत्तर हो, नाही, किंवा 'पाहिलं नाही'. हा तिसरा पर्याय फार महत्त्वाचा, नाहीतर न पाहिलेल्यालाही 'हो' मिळतं. सुई लावल्यावर ती पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात गेली की ट्रेमध्येच राहिली, हातमोजे लाल पिशवीत गेले की पिवळ्या, टोपण परत चढवलं का, हे सफाईच्या मावशींना शिक्षकापेक्षा नीट ठाऊक असतं, कारण मागे राहिलेली सुई त्यांच्याच बोटात घुसते.

बघून झालं की लगेच बोलायचं, तिथेच, पेशंटपासून चार पावलं बाजूला. 'चांगलं केलंस' आणि 'अजून वाच' ही दोन्ही वाक्यं निरुपयोगी आहेत. आधी त्यालाच विचारायचं, पुन्हा केलं तर काय वेगळं करशील. मग एक गोष्ट जमलेली आणि एकच बदलायची, दोन्ही डोळ्यांनी पाहिलेल्या. 'आजी सून मारते म्हणाल्या तेव्हा तू मान वर न करता पुढचा प्रश्न विचारलास. पुढच्या वेळी तिथे थांब.' एवढं पुरे. पाच गोष्टी सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही.

आणि मग लॉगबुकात त्याच क्षणी नोंद. जमलं नसेल तर 'बी', निर्णयाच्या रकान्यात 'आर', म्हणजे पुन्हा करायचं. 'बी' लिहिताना शिक्षकाचा हात अडतो, कारण मुलाला वाईट वाटेल, पालक फोन करतील. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीच्या पोस्टिंगमध्ये 'बी' सगळ्यांनाच मिळतो आणि मिळायलाच हवा, हे पहिल्या दिवशी सगळ्या बॅचसमोर सांगणं. सहा महिन्यांत 'बी' चा 'एम' झालेली वही ही पहिल्या पानापासून 'एम' असलेल्या वहीपेक्षा जास्त विश्वासाची. 'आर' लागलेल्या विद्यार्थ्याला सगळी पोस्टिंग पुन्हा करायला लावू नये, जे अडलं तेवढंच द्यावं. रक्तदाबात अडला असेल तर एएनसीच्या, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या, दिवशी दहा बायका, त्यातल्या पहिल्या तीन आणि शेवटच्या दोन शिक्षकाने शेजारी उभं राहून बघितलेल्या, बाकीच्या पाचांचे आकडे सिस्टरने पुन्हा मोजून ताडलेले. फरक ४ मिलिमीटरच्या आत आला की सही.